तिसरा जीव

"काका, उतरा! आधी खाली उतरा, मग काय ते बोला!"

लोवरी कणकेने माखलेले हात तसेच घेऊन अंगणात धावत आली. हेसेकाया सफरचंदाच्या झाडाला लावलेल्या शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभा होता. दुसऱ्या म्हणजे कुत्र्याने मान वर केली असती तर त्याचा बूट चाटता आला असता, एवढ्या उंचीवर.

"अगं, वरची सफरचंदं पक्षी फोडताहेत."

"फोडू देत. पक्षी पडले तर कुणाचं घर जात नाही."

आरडाओरडा ऐकून गोठ्यातून गेथिन आला. हेसेकायाच्या मेलेल्या भावाचा हा मुलगा, लोवरीचा नवरा, हाफोड या शेतघराचा आता कर्ता पुरुष. त्याने एका हाताने शिडी धरली आणि दुसऱ्याने काकाच्या विजारीची मागची बाजू. एवढ्या काळजीने त्याने स्वतःच्या मुलांनाही कधी उतरवून घेतलं नव्हतं. काका जमिनीवर टेकले तसा त्याने सुस्कारा सोडला, शिडी खांद्यावर टाकली, कोठीत नेऊन ठेवली. लोवरीने कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला अडकवली.

"आणि गळ्याला फ्लॅनेल का नाही?" तिने विचारलं.

"सप्टेंबर आहे, लोवरी."

"तुमची बहीण पण सप्टेंबरातच गेली."

हेसेकाया आत जाऊन फ्लॅनेल गुंडाळून बसला. दुपारच्या जेवणात कावलचं, म्हणजे मटणाच्या रश्श्याचं, पहिलं वाडगं नेहमीप्रमाणे त्याच्यापुढे आलं. हाफोडमध्ये पहिलं वाडगं काकांचं, चुलीजवळची खुर्ची काकांची, रात्री गरम विटेवर पाय काकांचे. परक्या माणसाला वाटावं, म्हाताऱ्याने पुण्य केलं असणार. खोऱ्यातल्या माणसाला तसं वाटत नसे. खोऱ्यातल्या माणसाला पट्टा माहीत होता.

आमच्या खोऱ्यात नजर जाईल तिथवर सगळं प्लास किल्वेर्न या वाड्याचं. नदी, नदीतले मासे, टेकडीवरचा दगड, त्या दगडाखालचा दगड. चॅपेलची जागा तेवढी आमची, कारण ती इतकी दलदलीची होती की प्लासने मागितल्याबरोबर देऊन टाकली. प्लासचे जमीनदार वर्षाचे बरेच महिने लंडनला असत. इथे त्यांचा कारभारी राज्य करी. बहुतेक कुळं सालाची. दर मायकेलमसला, म्हणजे सप्टेंबर सरता सरता, टोपी हातात घेऊन प्लासच्या दारात उभं राहायचं आणि पुढचं वर्ष मिळतं का ते बघायचं.

हाफोडचं तसं नव्हतं. हेसेकायाच्या बापाने ही जमीन तीन जिवांच्या पट्ट्यावर घेतली होती. या पट्ट्यात तीन माणसांची नावं घालतात. त्यांतलं एक जरी माणूस श्वास घेत असलं, तरी जमिनीला प्लास हात लावू शकत नाही. तिसरा जीव गेला की घर, गोठा, कुंपण, चुलीवरची तुळई, सगळं त्याच दिवशी प्लासला परत. बापाने थोरल्या मुलाचं नाव घातलं, मुलीचं घातलं, आणि तिसरं पाळण्यातल्या बाळाचं. त्या वेळचा कारभारी पाळण्यावर वाकला, तेव्हा बाळ म्हणे असं खोकलं की कारभाऱ्याने खूश होऊन लगेच सही केली.

ते खोकणारं बाळ म्हणजे हेसेकाया. थोरला भाऊ हेरिंग माशांच्या बोटीवर गेला तो परत आला नाही. बहीण तापाने गेली. प्रत्येक जीव गेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर प्लासचं, हीही पट्ट्यातलीच अट. भावाच्या वेळी घोडी गेली, बहिणीच्या वेळी दुभती गाय. बहीण अजून पलंगावर होती आणि कारभारी गोठ्यात कंदील धरून जनावरांचे दात बघत होता. तेव्हापासून खोऱ्यात एक रीत पडली होती. जिवाच्या पट्ट्यावरच्या घरात कुणाचं बरं-वाईट होणार असं दिसू लागलं की चांगलं जनावर आधीच मागच्या वाटेने कुणा पाहुण्याकडे धाडायचं. कारभारी आला की त्याला खंगलेली म्हातारी गाय दाखवायची. मागच्या वाटेने एखादी तुकतुकीत गाय जाताना दिसली की लोक टोप्या काढत आणि शेजारणी पीठ भिजवायला घेत.

तिसरा जीव तेवढा उरल्यावर हेसेकायाला एकच काम उरलं. त्याला समुद्र बंद झाला, स्लेटच्या खाणी बंद झाल्या, जत्रेतली कुस्ती बंद झाली. त्याचा धंदा काय, असं कुणी परगावच्याने विचारलं तर लोहार सांगे, "जिवंत असतो. चांगला जम बसलाय त्याचा."

आयुष्यात त्याने एकदाच काही केलं. तेव्हा मत मोठ्याने सांगून द्यावं लागे आणि कारभारी शेजारी बसून नावं ऐके. त्या वर्षी हेसेकायाने जमीनदाराच्या माणसाविरुद्ध मत दिलं, ठणठणीत आवाजात. त्याला बघून नदीकाठच्या दोलाय शेतावरच्या कुळानेही दिलं. हाफोडला कुणी काही करू शकलं नाही, तिसरा जीव खुटखुटीत होता. दोलायचं कूळ सालाचं होतं. मायकेलमसला त्यांचं सामान रस्त्यावर आलं. त्या घरातली हाना नावाची मुलगी हेसेकायासाठी चॅपेलमध्ये डाव्या बाजूच्या बाकावर जागा धरायची.

काही वर्षं इकडेतिकडे काढून ते लोक समुद्रापलीकडच्या पॅटागोनियाच्या बोटीवर चढायला निघाले. हाना हाफोडच्या फाटकापर्यंत आली होती.

"येतोस?" तिने विचारलं.

उत्तर बापानेच दिलं, खिडकीतून. "तो बोटीवर चढला की हे घर बोटीवर चढलं. आणि तिकडे तो जिवंत आहे हे इथे कोण शाबीत करणार? तू?"

हाना गेली. हेसेकाया जिवंत राहिला. बापाने मरताना पट्टा त्याच्याच नावावर केला, म्हणजे म्हातारपणी त्याला कुणी हाकलू नये. बाप दूरचं बघणारा होता. फक्त माणसं दाराबाहेरच हाकलतात, एवढंच त्याला माहीत होतं.

शिडीच्या प्रकारानंतर त्याच आठवड्यात कारभारी आला. मिस्टर प्रॉथेरो, मऊ आवाजाचा, मऊ हातमोज्यांचा माणूस. तो कधी कुणावर ओरडला नाही. आधी गोठ्यात गेला, सेरेनच्या पाठीवरून हात फिरवला. सेरेन ही हाफोडची काळी गाय, कपाळावर चांदणी. तिला हेसेकायाच पिळायचा. ते काम पडण्यासारखं नव्हतं म्हणून त्याला मिळालं होतं.

"देखणी आहे," प्रॉथेरो म्हणाला. "आणि तुमची तब्येत, हेसेकाया?"

"ठीक आहे, साहेब."

"वा. ऐकून बरं वाटलं." त्याच्या चेहऱ्यावर मात्र बरं वाटल्याचं काही दिसलं नाही.

मग तो गेथिनला घेऊन कुंपणाकडे गेला. लोवरी मागोमाग गेली. कुंपणापलीकडे प्लासने त्या वर्षी लाल चिंध्या बांधलेल्या खुंट्या ठोकल्या होत्या. दर आठवड्याला त्या थोड्या जवळ सरकत. धाकट्या मालकांना फेझंटची शिकार आवडे. त्यासाठी पाळलेले ते जाडे, रंगीत पक्षी हाफोडच्या ओटच्या पिकात आपल्या बापाचं असल्यासारखे चरत. त्यांना खडा मारला तरी प्लासचा शिपाई दारात.

"हा उतार मालकांच्या मनात भरलाय," प्रॉथेरो म्हणाला. "आणि गेथिन, दोलाय रिकामं होतंय. नदीकाठची काळी जमीन. न गळणारं छप्पर, कोरड्या भिंती. तुझ्यासारख्या होतकरू माणसाने या दलदलीत का सडावं?"

"दोलाय?" लोवरीच्या तोंडून निघालं. तिच्या धाकट्याची छाती हाफोडच्या ओलीने वर्षभर घरघरत असे.

"अर्थात हाफोड आधी आमच्या हातात यायला हवं. मायकेलमसपर्यंत. काकांनी सही केली तर उत्तम." प्रॉथेरोने हातमोजा नीट ओढला. "नाहीतर मग देवाच्या मनात असेल तसं."

त्या संध्याकाळी गेथिनने विषय काढला. काढला म्हणजे आधी हवेबद्दल बोलला, मग बटाट्यांबद्दल, मग पाद्रीबुवांच्या प्रवचनाबद्दल.

"बोल की," हेसेकाया म्हणाला. "कावल गार होतंय."

गेथिनने सांगितलं. हेसेकायाने चमचा खाली ठेवला.

"दोलाय सालाने?"

"सालाने. पण प्रॉथेरो साहेब म्हणाले..."

"दोलायच्या त्या आधीच्या माणसालाही असंच कुणीतरी काहीतरी म्हणालं होतं. भाकरी भट्टीत होती त्यांची, बाहेर काढलं तेव्हा."

"काका, ते जुनं झालं," लोवरी म्हणाली. "आता मतं चिठ्ठीवर देतात. कोण बघतंय?"

"मग टोपी काढायची कशाला मायकेलमसला?"

"टोपी काढून पोराची छाती सुकणार असेल तर मी केससुद्धा काढून ठेवीन!"

लोवरीचं म्हणणं खोटं नव्हतं, हे हेसेकायालाही कळत होतं. मग तो म्हणाला, "हे बघ पोरी, मी जन्मभर दुसरं काही केलं नाही. हे एकच काम केलं. ते आता शेवटाला आलंय तर अर्धवट नाही टाकणार. मी गेलो की दोलायला जा, नाहीतर प्लासमध्ये राहायला जा. तोवर ही जमीन कुणाची नाही, आपली आहे."

"म्हणजे तुम्ही जाईपर्यंत थांबायचं," गेथिन म्हणाला. तो हे रागाने म्हणाला नाही. हिशेब समजून घेतल्यासारखा म्हणाला.

"थांबलात की इतकी वर्षं. सवय आहे."

त्यानंतर कुणी काही केलं नाही, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे. हाफोडमध्ये हेसेकायाला कुणी वाईट शब्द बोललं नाही, कुणी बोट लावलं नाही. फक्त जे चालत आलं होतं ते थांबलं.

आधी गरम वीट थांबली. मग फ्लॅनेलची चौकशी. कावल गार यायला लागलं. एका सकाळी हेसेकाया पावसात भिजून आला तर लोवरी म्हणाली, "आलात?" आणि पुन्हा कपडे पिळायला लागली. दुसऱ्या दिवशी गेथिन म्हणाला, "काका, गोठ्याच्या छपरावरची स्लेटची एक फरशी सरकलीये. बघता का जरा?"

"मी?"

"तुम्हाला नाही जमणार तर राहू दे."

हेसेकाया खूश झाला. खरंच झाला. इतक्या वर्षांत त्याला कुणी छपरावर चढायला सांगितलं नव्हतं. तो बाहेर आला तर शिडी कोठीबाहेर होती, सफरचंदाच्या झाडाला टेकवून ठेवलेली. कोठीचं कुलूप कडीला उघडंच लटकत होतं. स्लेट त्याने नीट बसवली. उतरला, आणि आता शिडी हातात आलीच आहे तर म्हणून झाडावर चढला. दुसरी पायरी ओलांडली. कुणी ओरडलं नाही. शेवटच्या पायरीपर्यंत गेला. पायरीचं लाकूड कुजलेलं होतं, बुटाखाली मऊ लागलं.

वरून समुद्र दिसत होता. इतकी वर्षं तो समुद्राच्या इतक्या जवळ राहत होता, हे त्याला आज कळलं. शेंड्याची सफरचंदं कुणी कधी तोडली नव्हती; खालच्यांपेक्षा लाल होती. त्याने एक तोडून तिथेच खाल्लं. खाता खाता खाली पाहिलं. लाल चिंध्यांच्या खुंट्या आता कुंपणाच्या आत होत्या.

आणि खिडकीत लोवरी होती. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, अगदी सावकाश पाहिलं. मग ती मागे सरली आणि कणीक तिंबायला लागली. तिच्या मुठींचा आवाज झाडापर्यंत येत होता.

सफरचंद गोड होतं. हेसेकायाने ते खाल्लं, पण उतरताना त्याने प्रत्येक पायरीवर आधी पाय चाचपला.

संध्याकाळी बादली घेऊन तो गोठ्यात गेला. सेरेनची जागा रिकामी होती. दावं नीट गुंडाळून खुंटीला लावलेलं. तिच्या जागी कोपऱ्यातली म्हातारी गाय पुढे आणून बांधली होती; तिच्या बरगड्या कंदिलाशिवाय मोजता आल्या असत्या.

तो बादली धरून उभाच राहिला. घरात कोण आजारी आहे, हा विचार त्याच्या मनात आधी आला. सवयच तशी होती. मग त्याने घरातली माणसं एकेक करून डोळ्यांपुढे आणली. धाकट्या पोराची घरघर नेहमीचीच. आणि पोराचा जीव पट्ट्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोहाराची बायको लायसा आली. हातात कापडात गुंडाळलेला बारा ब्रिथ, मनुकांचा पाव. आमच्याकडे तो लग्नाला करतात आणि दुसऱ्या एका प्रसंगाला. दार हेसेकायानेच उघडलं.

लायसाने त्याला पाहिलं, पावाकडे पाहिलं, पुन्हा त्याला पाहिलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "तुम्ही उठलात?"

"मी झोपलोच नव्हतो."

"नाही, म्हणजे... आमच्या ह्यांनी काल गाय पाहिली. मागच्या वाटेने. त्यांनी टोपी काढली हो! मग मी म्हटलं, रात्रीतच..." तिने पाव मागे घ्यावा की पुढे करावा हे तिला कळेना. "कसं वाटतंय आता?"

"कुठे नेली गाय?"

"ब्लायननंतकडे वळली म्हणाले. लोवरीच्या भावाकडे."

"पाव ठेव," हेसेकाया म्हणाला. "ताजा आहे तोवर खाऊ."

त्याने टोपी घातली, फ्लॅनेल स्वतःच शोधून गळ्याला गुंडाळलं आणि निघाला. गेथिन अंगणात लाकडं फोडत होता. त्याने कुठे निघालात असं विचारलं नाही. कुऱ्हाड मात्र मध्येच थांबली.

ब्लायननंत टेकडीपलीकडे. हेसेकाया हळूहळू चढला, दगडांवर बसत, खड्डे चुकवत, दरीच्या बाजूने न जाता. त्याच्याइतक्या काळजीने ती टेकडी कुणी ओलांडली नसेल. लोवरीचा भाऊ डेवी फाटकात उभा होता. त्याला पाहून डेवीने नकळत टोपी काढली आणि लगेच परत घातली.

"काका! चालत आलात?"

"गाय न्यायला आलोय."

"पण लोवरी म्हणाली की..."

"काय म्हणाली?"

डेवीने सेरेनकडे पाहिलं. सेरेन रवंथ करत होती. तिची काही मदत होण्यासारखी नव्हती.

"हिला हवापालट हवाय म्हणाली."

"झाला. दावं दे."

परतताना तो मागच्या वाटेने आला नाही. मोठ्या रस्त्याने आला, भर दुपारी, चॅपेलवरून, लोहाराच्या दारावरून, प्लास किल्वेर्नच्या फाटकासमोरून. लोहार ऐरण सोडून बाहेर आला. त्याचा हात टोपीकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. मेलेल्या माणसाने स्वतःची गाय ओढत आणली तर काय करायचं, याची आमच्याकडे रीत नाही.

फाटकातून प्रॉथेरो घोड्यावरून बाहेर पडत होता. त्याने लगाम खेचला.

"हेसेकाया! फिरायला?"

"गाय दाखवायला आणलीय, साहेब."

"मला?"

"हीच आमची सगळ्यात चांगली. काळी, कपाळावर चांदणी. नीट बघून ठेवा. वेळ येईल तेव्हा कुणी दुसरीच दाखवेल."

प्रॉथेरोने गायीकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. घरातलेच एकमेकांवर नजर ठेवायला लागले की कारभाऱ्याचं काम हलकं होतं, हे तो जाणून होता. तो हसला, पहिल्यांदाच मनापासून.

"घाई नाही," तो मऊ आवाजात म्हणाला.

"मलाही नाही."

घरी पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. गेथिन आणि लोवरी दोघंही दारात होते. सेरेनला तिच्या जागी बांधून, पिळून, हेसेकाया बाहेर आला. शिडी अजून झाडालाच होती.

"लोवरी, कोठीची किल्ली दे."

तिने ती कमरेची सोडून दिली. बोटांना बोट लागणार नाही, इतक्या टोकाला धरून. त्याने शिडी ओढत नेली, आत टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातली, फ्लॅनेलच्या आत. गेथिन हात लावायला पुढे आला नाही. काकाने बोलावलंही नाही.

जेवणाला सगळे बसले. मुलं नेहमीपेक्षा गप्प होती. मुलांना घरातलं हवामान आधी कळतं. गेथिनने प्रार्थना म्हटली, मध्येच एक ओळ विसरला, पुढची म्हटली. लोवरीने कावल वाढलं. पहिलं वाडगं तिने नेहमीप्रमाणे हेसेकायापुढे ठेवलं. आज ते वाफाळत होतं, वर मटणाचा चांगला तुकडा.

हेसेकायाने वाडगं दोन्ही हातांनी उचललं आणि टेबलावरून अलगद गेथिनपुढे सरकवलं.

"आज तू आधी."

"काका, हे काय..."

"खा."

गेथिनने लोवरीकडे पाहिलं. ती चुलीकडे वळून निखारे सारखे करत होती, ते सारखेच असताना. गेथिनचे कान लाल झाले. त्याने चमचा भरला, तोंडात घातला. म्हातारा त्याच्या गळ्याकडे बघत होता. घास खाली उतरला.

मग हेसेकायाने स्वतःचं वाडगं परत घ्यायला हात पुढे केला.